‘रामदास’वरची कविता आणि तिच्यावर आलेली पत्रे

आमच्या वाचनालयाच्या वार्षिकांकात ‘रामदास’ बोटीच्या स्मरणार्थ एक कविता छापून आली आणि त्यानंतर जे घडत गेले त्याची नोंद करून ठेवावी, असे बरेच दिवस मनात होते. अंकाच्या संपादनाचे काम माझ्याकडे असल्यामुळे कवितेवर आलेली पत्रे, फोन, मोबाइलवरचे ध्वनिमुद्रित निरोप आणि प्रत्यक्ष येऊन भेटलेली माणसे या सगळ्यांशी माझाच संबंध आला. अलिबाग तालुक्यात या बोटीविषयी कोणी काही लिहिले की वाचक लिहिणाऱ्याचे कौतुक करत बसत नाहीत आणि दोषही काढत नाहीत; लिहिलेल्यात जे राहून गेले आहे ते सांगायला ते पुढे येतात. ते सांगणे नीट ऐकून घेणे, पडताळणे आणि छापणे हे काम एखाद्या कवितेच्या संपादनापेक्षा कितीतरी मोठे आणि जबाबदारीचे निघाले.

ज्यांना ही घटना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १७ जुलै १९४७ रोजी, गुरुवारी, सकाळी आठच्या सुमारास ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबाग तालुक्यातल्या रेवस बंदराला जायला निघाली. पावसाळ्यात कोकणच्या लांब पल्ल्याच्या बोटी बंद असत, पण मुंबई आणि रेवस यांच्यामधली जवळची वाहतूक चालू राही, आणि आषाढ अमावस्या तोंडावर असल्याने घरी निघालेल्यांची त्या दिवशी गर्दी होती. गिरणीत, गोदीत, बाजारात काम करणारी अष्टागरातली, म्हणजे अलिबागच्या किनारपट्टीवरच्या गावांतली, माणसे त्यात होती, बायका-मुले होती. काशाच्या खडकाच्या परिसरात बोट कलली आणि उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नसल्यामुळे मुंबईला काही कळले नाही. जे पोहत किनाऱ्याला लागले त्यांच्या तोंडून ही बातमी फुटेपर्यंत दुपार उलटून गेली होती. स्वातंत्र्याचा दिवस जेमतेम महिनाभरावर आलेला असल्यामुळे देशाच्या आठवणीत त्या वर्षाची जागा दुसऱ्याच गोष्टींनी भरली. आमच्या भागात मात्र अजूनही ‘रामदास बुडाली त्या साली’ असा काळ मोजणारी म्हातारी माणसे भेटतात.

कविता लिहिणारे गृहस्थ निवृत्त प्राथमिक शिक्षक असून आमच्या वाचनालयाचे जुने सभासद आहेत. त्यांचा सख्खा मामा त्या बोटीवर होता. कविता ओवीच्या चालीवर आहे आणि तिच्यात अलंकार फारसे नाहीत. धक्क्यावरची गडबड, डोक्यावरची बोचकी, पोरांना सांभाळणाऱ्या आया, अंगावर येणारा पाऊस, आणि मग अचानक तुटलेला शब्द, अशी तिची मांडणी आहे. एक कडवे असे आहे :

‘दर्या आमुचा बाप, दर्याने केला घात
रेवसाच्या वाटेवरी अर्ध्यात सुटली साथ.’

याच कडव्यावरून पुढे बरेच काही झाले, म्हणून ते इथे दिले. कवितेखाली मी दोन ओळींची विनंती छापली होती : ज्यांच्या घरचे कोणी या बोटीवर होते, त्यांनी आठवण कळवावी.

पहिले पत्र किहीमच्या एका बाईंचे आले. त्यांचे आजोबा परळच्या गिरणीत होते. सणासाठी घेतलेले कपडे आणि मुलांसाठी घेतलेल्या वस्तू असलेली पत्र्याची ट्रंक त्यांनी आदल्या दिवशीच्या बोटीने गावच्या एका माणसाबरोबर पुढे पाठवली होती, कारण दुसऱ्या दिवशी पावसात ओझे नको होते. ट्रंक घरी पोहोचली. आजीने ती पुढे कित्येक वर्षे उघडली नाही आणि उघडली तेव्हा त्यातला मुलीचा परकर त्या मुलीच्या मुलीलासुद्धा लहान झाला होता. पत्राच्या शेवटी बाईंनी लिहिले होते की कवितेत बोचकी आहेत पण ट्रंक नाही, तर ती कुठेतरी यावी. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. कवितेत ट्रंक घाला असे त्यांचे म्हणणे नव्हते. जी गोष्ट घरात एवढी वर्षे होती तिला कागदावर कुठेतरी जागा मिळावी, एवढेच मागणे होते.

त्यानंतरची पत्रे बहुतेक याच वळणाची होती. कोणी लिहिले की त्यांची चुलत आजी शेवटच्या क्षणी धक्क्यावर मागे राहिली, कारण कडेवरचे मूल तापाने फणफणले होते. कोणी लिहिले की प्रेत सापडले नाही म्हणून पणजीने कुंकू पुसायला नकार दिला आणि तिच्या मरणापर्यंत घरातल्या कोणी तिला त्याविषयी विचारले नाही. गिरगाव, लालबाग, शिवडी अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहत असलेल्या, गावाकडचे घर पडून गेलेल्या कुटुंबांचीही पत्रे आली. अंक त्यांच्यापर्यंत कोणी नेला हे मला अजून कळलेले नाही. बहुधा एकाने दुसऱ्याला कवितेच्या पानाचा फोटो पाठवला असावा.

वाचनालयात कवितेचे जाहीर वाचन ठेवले तेव्हा तर ती पूर्ण वाचलीच गेली नाही. कवी स्वतः वाचत होते. धक्क्यावरच्या गर्दीचे कडवे आले आणि मागच्या रांगेतून एक वृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांनी परवानगी वगैरे काही मागितली नाही. त्यांचे वडील बोटीवर चढताना धाकट्या भावाला काय म्हणाले, ते त्यांनी सांगितले. भाऊ धक्क्यावर पोचवायला आला होता आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत तिथेच उभा होता. ते खाली बसले तेव्हा शेजारच्या बाईंनी सुरू केले. सभेला शिस्त लावावी की नाही, असा प्रश्न अध्यक्षांनी माझ्याकडे पाहून डोळ्यांनीच विचारला आणि मी नको म्हणून मान हलवली. कवींनी कागद मिटून खिशात ठेवला व उरलेला सगळा वेळ ते श्रोत्यांमध्ये जाऊन बसले. कवितेचा याहून मोठा सन्मान मी पाहिलेला नाही.

तिथीवरून वाद होईल असे मला वाटले नव्हते, पण तो झाला आणि मोठ्या पोटतिडकीने झाला. काही घरांत श्राद्ध आषाढ अमावस्येला होते, काही घरांत १७ जुलैला हार घातला जातो, आणि ज्यांना गेलेल्या माणसाचा पत्ताच लागला नाही अशा काही घरांत सर्वपित्रीखेरीज काही केले जात नाही. कवितेच्या शीर्षकाखाली इंग्रजी तारीख छापली होती, त्यावर अमावस्या मानणाऱ्यांनी नाराजी कळवली. पंचांग जाणणाऱ्या एका वाचकांनी लिहिले की १९४७च्या त्या आषाढानंतर लगेच अधिक श्रावण लागला होता, त्यामुळे श्रावणातले नेहमीचे सण महिनाभर पुढे गेले आणि सुतकात असलेल्या घरांना तो लांबलेला महिना फार जड गेला, असे त्यांच्या आजीकडून त्यांनी ऐकले होते. त्यांनीच हेही दाखवून दिले की २०२३ साली, म्हणजे ७६ वर्षांनी, आषाढ अमावस्या १७ जुलैलाच आली आणि तिच्यामागे पुन्हा अधिक श्रावणच होता. हे पत्र मी संपूर्ण छापले. घटनेच्या तपशिलात त्याने नवी भर पडत नसली तरी शोक करणाऱ्या घरांत काळ कसा मोजला गेला हे त्यातून कळते, आणि हे कुठल्याही सरकारी कागदात मिळणार नाही.

खरा तिढा पडला तो वर दिलेल्या कडव्यावरून. रेवसजवळच्या बोडणी गावातल्या काही कोळी बांधवांनी निरोप पाठवला की त्यांना या ओळीबद्दल बोलायचे आहे आणि ते लिहून देणार नाहीत, मी तिथे यावे. मी गेले. ओटीवर पाच-सहा जण बसले होते आणि त्यांच्यातल्या सर्वांत वडीलधाऱ्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, सरळ विषयाला हात घातला : “बाय, दर्यानं घात नाय केला. आखाडातला दर्या असाच असतो. त्यात बोट काढली कोणी, ते लिवा.”

मग त्यांनी मला जे समजावले ते मी इथे माझ्या भाषेत देते. आषाढात नैऋत्येचा वारा जोरात असतो, अमावस्येला उधाण असते, आणि बंदराच्या तोंडाशी बाहेरची लाट व आतले पाणी एकमेकांना भिडतात. हे दर वर्षी घडते व प्रत्येक कोळ्याला ते लहानपणापासून माहीत असते. म्हणूनच पावसाळ्यात होड्या वर ओढून झाकून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय मासेमारीला बाहेर पडत नाहीत. बोट भरलेली असली आणि एका बाजूने लाट आत आली की भिजू नये म्हणून माणसे दुसऱ्या बाजूला धावतात. त्या धावण्यानेच बोट कलते, आणि कललेली बोट पुढच्या लाटेला सावरत नाही. यात दर्याने वेगळे असे काय केले, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांचे दुसरे म्हणणे मला अधिक लागले. त्या दिवशी रेवसच्या कोळ्यांनी तशा पाण्यात होड्या घालून माणसे बाहेर काढली, आणि कवितेत त्यांच्यासाठी एक शब्दही नाही; दर्याला घातकी म्हणायचे आणि दर्यावर जगणाऱ्या ज्या माणसांनी जीव वाचवले त्यांना विसरायचे, हे बरोबर नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता. घरातल्या माणसाबद्दल कोणी चुकीचे बोलले की जसे समजावून सांगावे, तसे ते सांगत होते.

मी हे सगळे कवींना जसेच्या तसे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की ती ओळ त्यांची नाहीच, त्यांच्या आईची आहे. भावाची आठवण आली की ती ‘दर्यानं घात केला’ एवढेच म्हणे आणि त्यापुढे कधी काही बोलत नसे. तिने कधी कंपनीचे नाव घेतले नाही, कप्तानाचे घेतले नाही, सरकारचे घेतले नाही. दर्याला मात्र तिने शेवटपर्यंत क्षमा केली नाही आणि लग्नानंतर समुद्राकडे तोंड करून ती कधी बसली नाही. कोळ्यांचे म्हणणे शंभर टक्के खरे आहे, असे त्यांनी मान्य केले. पण आईचे वाक्य बदलून तिच्या तोंडी दुसरे काही घालण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे ते म्हणाले.

संपादक म्हणून मला इथे निर्णय घ्यायचा होता आणि माझे मत स्पष्ट होते. बोट का बुडाली याचे उत्तर म्हणून ती ओळ टिकत नाही, आणि जो वाचक ते उत्तर शोधेल त्याला तांडेलांचे म्हणणे समोर दिसलेच पाहिजे. पण भाऊ गमावलेल्या एका बाईने आयुष्यभर उच्चारलेले वाक्य म्हणून ती ओळ खरी आहे आणि तिला हात लावणे हा अन्याय ठरेल. म्हणून पुरवणी अंकात कविता पुन्हा छापताना कडवे तसेच ठेवले, कवींच्या आईची हकीकत त्याखाली दिली, आणि समोरच्या पानावर बोडणीकरांचे निवेदन त्यांच्याच बोलीत, त्यांना वाचून दाखवून, त्यांच्या संमतीने छापले. कवितेपेक्षा मोठ्या अक्षरात निवेदन हवे असा एकाचा आग्रह होता. अक्षर दोन्हीकडे सारखेच ठेवले. पुढे कवींनी रेवसच्या होड्यांवर तीन नवी कडवी लिहिली. ती बोडणीला जाऊन स्वतः वाचून दाखवल्यावरच त्यांनी माझ्याकडे दिली.

जे बोटीवरून वाचले त्यांच्या घरची पत्रे सर्वांत उशिरा आली आणि ती संख्येनेही थोडी होती. एका वाचकाने लिहिले की त्यांचे वडील पोहत किनाऱ्याला लागले, पण घरात त्यांनी या विषयावर आयुष्यात बोलणे केले नाही. गावातली जी माणसे परतली नाहीत त्यांच्या घरावरून जाताना ते खाली मान घालत. मुंबईची नोकरी त्यांनी सोडली नाही, मात्र पुढे एसटी सुरू झाल्यावर पेण-पनवेलचा लांबचा वळसा घालूनच ते गावी येत, आणि बोटीने गेलात तर निम्म्या वेळात पोहोचाल असे कोणी म्हटले तर उठून बाहेर जात. मुलाने लिहिले होते की कविता वाचून आपण पहिल्यांदा वडिलांच्या गप्प राहण्याचा विचार केला. वाचलेल्या माणसाविषयी लिहिणे हे गेलेल्याविषयी लिहिण्यापेक्षा अवघड असते, कारण गेलेल्यासाठी रडता येते आणि वाचलेल्याला मात्र ‘नशीबवान’ म्हणून सगळे मोकळे होतात. हे पत्र छापण्यापूर्वी मी लेखकाशी दोन वेळा बोलले. नाव देऊ नये असे आमच्या दोघांचेही मत पडले.

आकड्यांच्या बाबतीत मात्र मी कठोर राहिले. बोटीवर किती माणसे होती आणि किती गेली याचे वेगवेगळे आकडे पत्रांत आले. प्रत्येकाला आपल्या घरात ऐकलेला आकडाच खरा वाटत होता आणि काहींनी तर त्यावरून भांडणही मांडले. अंकात मी ‘सहाशेहून अधिक’ एवढेच ठेवले. नावांसाठी एक वही केली आणि तिच्यात प्रत्येक नावापुढे गाव, वय, कामधंदा, माहिती कोणी दिली आणि त्यांनी ती कोणाकडून ऐकली, असे रकाने आखले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा ठरला. एकाच गावातून एकाच नावा-आडनावाच्या माणसाची माहिती दोन घरांतून आली होती आणि तपशील जुळत नव्हते. दोन्ही घरांनी आपापल्या परीने मला पटवण्याचा प्रयत्न केला. आजीचे माहेर विचारल्यावर उलगडा झाला. आजोबांचे नाव नातवाला ठेवायच्या रीतीमुळे दोन चुलत भावांची नावे एकच होती आणि दोघेही त्या बोटीवर होते. इतक्या वर्षांत गावाने दोघांचा मिळून एकच माणूस करून टाकला होता. वहीत आता ते वेगवेगळ्या ओळींवर आहेत.

शाळकरी मुलांच्या आणि तरुणांच्या प्रतिक्रियाही आल्या, पण त्या लवकर आटोपत्या होत्या. २०२० साली सुरू झालेल्या रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला येणाऱ्या पिढीला ही घटना बहुतेक माहीतच नव्हती. एका मुलीने मात्र चांगला प्रश्न विचारला : गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद ठेवतात, पण रेवसच्या लाँच चालू असतात, तर त्यांवर जीवरक्षक जॅकेट सगळ्यांना पुरतील इतकी असतात का आणि ती बाकांखाली बांधून का ठेवलेली असतात? तिचे पत्र मी अंकाच्या पहिल्या पानावर घेतले. स्मरणाच्या अंकात पहिल्या पानाचा मान जुन्या आठवणीला द्यावा, असे समितीतल्या काहींचे मत होते. मला ते पटले नाही, आणि कवींनी माझी बाजू घेतल्यावर विषय संपला.

पुरवणी अंक निघाल्यावर काम थांबेल अशी समजूत होती, पण आता पत्रे दक्षिणेकडून येऊ लागली आहेत. ‘रामदास’च्या आधी, १९२७ साली, ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी बुडाल्या होत्या आणि त्यांच्यावर गेलेल्यांसाठी कोणी कविता लिहिलेली नाही, असे दाभोळकडच्या एका वाचकांनी कळवले आहे. त्यांच्याजवळ पणजोबांविषयी घरात चालत आलेल्या मोजक्या गोष्टी आहेत. या दोन बोटींसाठी मी वेगळी वही सुरू केली आहे. ज्यांच्या घरी त्यांच्याविषयी काही सांगितले जात असेल त्यांनी ते कितीही थोडे असले तरी लिहून पाठवावे, आणि लिहिताना गेलेल्या माणसाचे नाव व गाव यांच्याबरोबर ती गोष्ट आपण कोणाच्या तोंडून ऐकली हे अवश्य नोंदवावे.